सगळ्यात उंच बार म्हणजे विजेता नव्हे!

समजा तुम्ही चिवडा चार पॅकिंगमध्ये विकून बघितलात: साधी पिशवी, झिपलॉक, कागदी पाकीट आणि डबा. रोज चिठ्ठी टाकून एक पॅकिंग ठेवलंत, दोन महिने विक्री लिहिलीत. चार्टमध्ये डब्याचा बार सगळ्यात उंच. लगेच हजार डब्यांची ऑर्डर? थांबा!

अनोवा चाचणी एवढंच सांगते की चौघांत कुठेतरी फरक आहे. नेमका कुणाकुणात, ते जोड्या लावूनच कळतं. चार पॅकिंगच्या जोड्या होतात 6. प्रत्येक जोडी सुटी तपासून 5 टक्के चूक चालवून घेतली, तर खरा फरक नसतानाही कुठेतरी खोटा फरक दिसण्याची शक्यता 20 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणून ट्युकीची पद्धत वापरा; ती सगळ्या जोड्यांचा हिशोब एकत्र धरते. 'आर' या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ही सोय आहे.

काही जण बारवर ए, बी अशी अक्षरं टाकतात. दोन बारवर एकच अक्षर म्हणजे दोन्ही सारखे, असं नाही; फरक सिद्ध झाला नाही, एवढंच.

माझं स्पष्ट मत: अक्षरांवर थांबू नका. प्रत्येक जोडीतला फरक आणि त्याची रेंज दाखवणारा ग्राफ काढा. डबा आणि साधी पिशवी यांच्यातला फरक रोज 4 ते 15 नगांचा असेल, तर नफ्याचं गणित मांडा. पण डबा आणि झिपलॉकमध्ये तो उणे 2 ते 9 आला, म्हणजे मध्ये शून्य आहे. मग महाग डब्यात पैसे अडकवण्याआधी अजून काही दिवस मोजा. भांडवल तुमचं आहे, चार्टचं नाही!