निष्ठेवर जुलमी पट्टी

इंग्लंडमधील मँचेस्टर युनायटेड हा नामांकित फुटबॉल क्लब २०२४-२५ च्या हंगामात प्रीमियर लीगमधील २० संघांत १५ व्या क्रमांकावर घसरला. त्याच हंगामात चालकांनी सभासदांसाठी उरलेली तिकिटे सरसकट ६६ पौंडांची केली, त्यांवरील मुलांची व वृद्धांची सवलत काढून घेतली आणि पुढील वर्षाच्या हंगामी तिकिटांचे दर ५ टक्क्यांनी वाढविले. क्लब तोट्यात आहे, हे त्यांचे तेव्हाचे समर्थन खोटे नव्हते; परंतु खेळाडूंवर अफाट पैसा ओतण्याचे निर्णय काही प्रेक्षकांनी घेतले नव्हते. माल निकस निघाला तर गिऱ्हाईक दुकान बदलते. वडिलांचे बोट धरून मैदानावर आलेला प्रेक्षक संघ बदलीत नाही. त्याच्या या अगतिकतेचे पैसे करणे हा सचोटीचा व्यापारही नव्हे; ती निष्ठेवर बसविलेली जुलमी पट्टी होय.

मात्र निष्ठेलाही सीमा असते. लिव्हरपूल क्लबने काही तिकिटे ७७ पौंडांची करण्याचे योजिताच, फेब्रुवारी २०१६ मध्ये हजारो प्रेक्षक चालू सामन्यातून ७७ व्या मिनिटाला उठून गेले. मालकांना क्षमा मागून तो बेत सोडून द्यावा लागला. पडत्या काळात जे साथ देतात त्यांच्यावर तरी वाढीव भार घालू नये, एवढा विवेक क्लबचालकांनी दाखवावा, असे आम्हांस वाटते.