आधी रिपोर्ट, मग बॅटरी

नागपुरात रामदासपेठ म्हटले की दवाखाने, पॅथॉलॉजी लॅब आणि रिपोर्टची फाइल काखेत घेऊन फिरणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. तपासणी न करता कुणी महागडा उपचार सुचवला, तर आपण लगेच दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतो. लॅपटॉप घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेलो की मात्र आपली ही सवय सुटते. समोरचा जे सांगेल ते आपण मान्य करतो.

माझ्या भाचीचा सात वर्षांचा लॅपटॉप गेल्या उन्हाळ्यात चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद पडू लागला. एका दुकानदाराने तो न उघडताच सांगितले, ‘मदरबोर्ड गेला, आता नवाच घ्या.’ परीक्षा तोंडावर होती. घरात नवा लॅपटॉप हप्त्यांवर घेण्याची चर्चा सुरू झाली. त्याआधी आम्ही लॅपटॉपचाच बॅटरी रिपोर्ट काढला. मूळ क्षमता ४२,००० मिलिवॅट-तास, आता उरलेली १५,९००. म्हणजे जेमतेम ३८ टक्के. बॅटरी बदलली, तोच लॅपटॉप आजही चालतो आहे.

हा रिपोर्ट काढायला तंत्रज्ञ लागत नाही. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा. इंग्रजीत ‘पॉवरसीएफजी’ लिहा, एक जागा सोडून तिरपी रेघ द्या आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ टाइप करा. रिपोर्टची फाइल कुठे साठवली, ते तिथेच दिसते. त्यात ‘डिझाइन कपॅसिटी’ आणि ‘फुल चार्ज कपॅसिटी’ हे दोन आकडे पाहा. दुसऱ्याला पहिल्याने भागून शंभरने गुणले की बॅटरीची तब्येत टक्क्यांत कळते. ८० च्या वर आकडा असेल आणि तरीही चार्ज भराभर उतरत असेल, तर दोष बहुधा मागे चालू राहिलेल्या प्रोग्रॅमचा किंवा धुळीने भरलेल्या पंख्याचा. आकडा ५० च्या खाली असेल, तर माझ्या मते बॅटरी बदलण्याची वेळ झाली. चार्ज होतच नसेल, तर आधी योग्य वॅटचा दुसरा चार्जर लावून पाहा. आणि लॅपटॉप सुरू करताना दरवेळी तारीख-वेळ चुकत असेल, तर संशय मदरबोर्डवरच्या बटणाएवढ्या छोट्या सेलवर घ्या. तो अगदी स्वस्तात मिळतो.

बॅटरी थकते, यात तिचा दोष नाही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये बाजारात आली आणि तिच्या घडणीसाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम व योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. तिच्या आत ग्राफाइटवर एक पातळ थर साचत जातो आणि चार्ज वाहून नेणारे लिथियम त्यात अडकून पडते. साधारण ३०० ते ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर क्षमता ठळकपणे घटते. उष्णता आणि सतत १०० टक्के चार्ज या दोन गोष्टी ही झीज वाढवतात. मे २०१३ मध्ये नागपुरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा गावात उन्हात उभ्या गाडीत लॅपटॉप ठेवणे किंवा गादीवर ठेवून दिवसभर चार्जिंगला लावणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य आपल्याच हाताने कमी करणे. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असते. टेबलावरच काम करणाऱ्यांनी ती जरूर वापरावी.

क्षमता घटणे ही गैरसोय आहे. बॅटरी फुगणे हा धोका आहे. टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न लागणे, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणे ही तिची लक्षणे. असे दिसले तर चार्जिंग थांबवा, लॅपटॉप बंद करा. बॅटरी दाबू नका, टोचू नका, आणि ‘अजून महिनाभर चालेल’ असे म्हणू नका. ती पेटली तर आगीबरोबर हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू बाहेर पडतात. मुले रात्री लॅपटॉप उशाशी घेऊन झोपतात, त्या घरांनी तर हे आजच तपासावे.

नवी बॅटरी घेताना केवळ लॅपटॉपचे मॉडेल सांगून भागत नाही. जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर आणि व्होल्टेज जुळायला हवे. बीआयएसचे नोंदणी चिन्ह पाहा, उत्पादनाची तारीख पाहा, कारण बॅटरी कपाटात पडूनही म्हातारी होते. बसवल्यावर दुकानातच पुन्हा रिपोर्ट काढायला सांगा आणि बिल घ्या. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचरागाडीत ती चिरडली गेली तर पेट घेऊ शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती वेगळी देणे ही आपली जबाबदारी आहे आणि ती गोळा करून पुनर्वापराला पाठवणे ही उत्पादकांची.

पण सगळे ओझे ग्राहकावर टाकणे बरोबर नाही. पूर्वी लॅपटॉप उलटा करून दोन खटके सरकवले की बॅटरी हातात यायची. आता ती आत स्क्रूंनी, काही ठिकाणी तर गोंदाने बसवलेली असते. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांची बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः सहज काढता यावी, अशी सक्ती केली आहे. आपल्याकडे केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, पण पोर्टलवरच्या माहितीने चिकटवलेली बॅटरी सुटत नाही. तशी सक्ती इथेही हवी.

तोवर दुरुस्तीच्या दुकानांकडून निदान एवढी अपेक्षा ठेवू या, की ‘नवा घ्या’ म्हणण्याआधी त्यांनी रिपोर्ट दाखवावा. आणि त्यांनी दाखवला नाही, तर आपण मागावा. डॉक्टरांकडे मागतो, तसाच.