बैलाला डॉक्टर, स्वाराला टाळ्या

ऐतिहासिक मालिकेतल्या नटाला मुलाखतीत काय विचारायचे, ते आपल्या वाहिन्यांनी जणू कायमचे ठरवून टाकले आहे. या आठवड्यात गप्पांच्या एका कार्यक्रमात तेच प्रश्न पुन्हा ऐकायला मिळाले. भूमिका कशी मिळाली, सेटवर सगळ्यांत खोडकर कोण, जेवणाच्या सुट्टीत कोणाचा डबा आधी संपतो, जिमला किती वाजता जाता, आवडता क्रिकेटपटू कोण. बोलता बोलता त्या नटाने चित्रीकरणात घोड्यावरून पडल्याचे सांगितले. सूत्रसंचालिका हसली, प्रेक्षक हसले, तोही हसला, आणि विषय पुन्हा क्रिकेटवर गेला. खेळाबद्दलच बोलायचे होते, तर त्या संध्याकाळी खरा खेळ त्या पडण्यातच होता. त्यावर एकही पुढचा प्रश्न आला नाही, याचा राग येतो.

घोडेस्वारी ऑलिंपिकमध्ये आहे. तलवारबाजी तर 1896च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकपासून आहे. आपला नट या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी करतो, तेही जिरेटोप, अंगरखा आणि लांबलचक संवादांसह. खेळाडू आयुष्याची दहा वर्षे देऊन जे कमावतो, ते नटाला पहिला भाग प्रक्षेपित होण्याआधीच्या थोड्या दिवसांत उरकावे लागते. आठवड्याला सहा भाग आणि बारा-तेरा तासांची शिफ्ट असली, की सराव आपोआप प्रत्यक्ष चित्रीकरणातच होतो.

अशा मालिकांमुळे जिला सगळा महाराष्ट्र कर्जतचा स्टुडिओ म्हणून ओळखतो, ती जागा तालुक्याने खालापूरची, चौक-कर्जत रस्त्यावरची. कलादिग्दर्शक नितीन देसाईंनी 2005 साली इथे स्टुडिओ उभारला. ‘जोधा अकबर’चा आग्र्याचा किल्ला इथेच उभा राहिला, 2011 साली ‘बिग बॉस’चे घरही इथेच थाटले गेले. पण मराठी घरांत हा स्टुडिओ पोचला तो 2008च्या नोव्हेंबरात सुरू झालेल्या ‘राजा शिवछत्रपती’मुळे. डॉ. अमोल कोल्हे शिवाजी महाराज आणि मृणाल कुलकर्णी जिजाऊ, ही जोडी आजही लोकांच्या डोळ्यांपुढे आहे. नऊ वर्षांनी ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ आली. त्यात कोल्हे संभाजीराजे झाले आणि शिवाजी महाराज शंतनू मोघेंनी साकारले. एकदा वडिलांची भूमिका केलेल्या नटाने पुढे मुलाची करायची आणि समोर दुसरा नट महाराज म्हणून उभा, असा योग दूरचित्रवाणीत फार थोड्यांना लाभतो. त्यावर भरपूर लिहिले गेले. सहकलाकारांशी जमलेले सूर, डोळ्यांतली नजर, संवादांची फेक, सगळ्याची चर्चा झाली. ज्या जनावराच्या पाठीवर बसून या भूमिकेचा निम्मा दरारा उभा राहतो, ते जनावर आणि त्याला सांभाळणारा माणूस मात्र कोणत्याच आठवणीत येत नाही.

कोल्हेंचेच उदाहरण घेण्याला आणखी एक कारण आहे. या नटाच्या आयुष्यात अभिनय आणि खेळ खरोखरच एका रस्त्यावर येऊन मिळाले. बैलगाडा शर्यतींवर सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली 2014 साली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायदा केला, तो न्यायालयात अडकला. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह वाट मोकळी केली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. शिरूरचे खासदार म्हणून कोल्हे हा प्रश्न लावून धरणाऱ्यांत होते. शर्यती सुरू झाल्या तर बैलगाड्याच्या बारीपुढे घोडीवर बसेन, असा शब्द त्यांनी दिला होता आणि 2022च्या फेब्रुवारीत निमगाव दावडीच्या शर्यतीच्या घाटात तो पाळला. जुन्नर-आंबेगाव-खेडकडच्या शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते. पाठीमागून भरधाव येणारे बैल आणि पुढे एकटा स्वार, यात कॅमेऱ्याची चलाखी चालत नाही. मालिकांसाठी आत्मसात केलेली बैठक त्या दिवशी कसोटीला लागली आणि टिकली.

आता त्या घाटाशेजारी मालिकेचा सेट ठेवून पाहू. शर्यत भरवायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. बैल धावायला योग्य आहे की नाही, हे पशुवैद्य तपासतो. चाबूक, काठी, टोचणी चालत नाही. नियम मोडणाऱ्याला मोठा दंड आणि तुरुंगवासाचीही तरतूद कायद्यात आहे. हे सगळे कशासाठी? धावणारा जीव आपल्या मर्जीने धावत नाही, म्हणून त्याच्या वतीने कोणीतरी कागदावर बोलले पाहिजे, यासाठी. सेटवरच्या घोड्यालाही तो आधार आहे. चित्रपट आणि मालिकांत प्राणी वापरायचे तर प्राणी कल्याण मंडळाकडे आधी अर्ज करावा लागतो. जनावर कोणते, त्याच्याकडून काय करून घेणार, हे कळवावे लागते. ही व्यवस्था उत्तम आहे आणि ती आणखी कडक झाली तरी आनंदच आहे.

पण त्याच घोड्याच्या पाठीवर बसलेल्या माणसाचे काय? तो रिकिबीत पाय घालण्याआधी किती तास शिकला? कालच्या शिफ्टनंतर नीट झोपला का? मागच्या आठवड्यातली कंबरेची लचक भरून आली का? हे विचारून, लिहून, त्याखाली सही करणारा माणूस कोणता? काही निर्माते काळजी घेतात, फाइट मास्टर जिवाला जपतात, हे खरे आहे. पण ती त्यांच्या मनाच्या चांगुलपणाची बाब राहते. शर्यतीचा गाडामालक कितीही सज्जन असला तरी बैलाची तपासणी चुकत नाही. सेटवरच्या स्वाराची तपासणी निर्मात्याच्या सज्जनपणावर अवलंबून आहे. 2023 मध्ये ‘शिवपुत्र संभाजी’ या महानाट्याच्या कऱ्हाडच्या प्रयोगात घोडा घसरला आणि कोल्हेंच्या पाठीला दुखापत झाली. पंधरा वर्षे घोड्यावर बसलेला, शिवाय स्वतः एमबीबीएस झालेला नट. त्यालाही हे चुकले नाही, तर गेल्या महिन्यात पहिल्यांदा लगाम हातात धरलेल्या पोराचे काय होत असेल?

कर्जत-खालापुरातल्या कोणत्याही गावच्या कबड्डीच्या मैदानावर ही अक्कल आहे. तेरा बाय दहा मीटरचे मैदान, वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, मध्ये पाच मिनिटांची विश्रांती, सात खेळणारे आणि पाच बदली. तीस सेकंदांची एक चढाई करून आलेल्या गड्याचा गुडघा लचकला, तर पंच वेळ थांबवतो आणि बाकावरचा गडी आत येतो. मालिकेच्या नायकाला बदली गडी नसतो. लांबून घेतलेल्या दृश्यात डमी चालतो, पण जवळचा चेहरा त्याचाच लागतो आणि आधी चित्रित केलेल्या भागांची बँक संपत आलेली असते.

आणि नायकामागे धावणारे मावळे? गर्दीच्या दृश्यांना माणसे लागतात, ती आसपासच्या गावांतूनही येतात. पायांत दम असलेली, पडायचे कसे हे मातीत शिकलेली ही मुले. त्यांची नावे श्रेयनामावलीत येत नाहीत.

इथे या स्तंभाचे जुने दुखणे पुन्हा मांडावेच लागते. वाचकांना ते पाठ आहे, तरी. आपल्या मालिकांना लढाई म्हटले की सपाट माळ, धुळीचे लोट आणि शंभर घोड्यांची संथ केलेली दौड एवढेच सुचते. स्टुडिओच्या रस्त्यावरचे चौक हे नेताजी पालकरांचे गाव म्हणून ओळखले जाते. तिथून निघून खोपोली मागे टाकली की चावणीजवळ उंबरखिंड लागते. 2 फेब्रुवारी 1661 रोजी शिवाजी महाराजांनी कारतलब खानाला कुरवंडे घाटाने खाली उतरू दिले आणि जंगलाने गच्च भरलेल्या अरुंद वाटेत कोंडले. खानाच्या फौजेला तिथे पसरायला जागा नव्हती, वळायला जागा नव्हती. जिंकला तो झाडी आणि कडे माहीत असलेला, पायांनी चपळ असलेला मावळा. ती चपळाई कबड्डीच्या जवळची आहे, घोड्यांच्या फौजेजवळची नाही. असे रणांगण स्टुडिओपासून इतके जवळ असताना आपल्या पडद्यावर ती लढाई कोकणातल्या खिंडीसारखी का दिसू नये? घोडे कमी झाले तर इतिहास खरा होईल, अपघात कमी होतील आणि गावातल्या मुलांना गर्दीऐवजी भूमिका मिळेल. याला आकडेवारीचा पुरावा नाही, पण प्रत्येक नव्या ऐतिहासिक मालिकेबरोबर ही खात्री वाढतच जाते.

घोडा लागणारच असेल, तर घोड्याची माणसे दूर नाहीत. माथेरान कर्जत तालुक्यातच आहे. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडा हे रोजचे वाहन आहे. दस्तुरीला उतरलेला प्रवासी आधी घोडेवाल्यालाच भेटतो, आणि ऑलिंपिया मैदानावर तिथल्या घोड्यांच्या शर्यतीही होत आल्या आहेत. लहानपणापासून जनावराच्या श्वासावरून त्याचा राग ओळखणारे हे लोक नवशिक्या नटाला महिन्याभरात जे शिकवतील, ते मुंबईतल्या जिममध्ये वर्षभरात मिळणार नाही.

2 ऑगस्ट 2023 रोजी नितीन देसाई गेले. आता त्यांच्या स्टुडिओची सूत्रे राज्याच्या चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आली आहेत. जागा सरकारची म्हटल्यावर अट घालण्याचा अधिकारही सरकारचा. पर्यटकांना जुने महाल दाखवणे चालू राहावे, पण त्याच आवारात एक रिंगण आखावे, माथेरानचे घोडेवाले शिक्षक म्हणून पगारावर घ्यावेत आणि चित्रीकरणाच्या परवान्यात चार ओळी वाढवाव्यात. स्वारीचे दृश्य असेल त्या दिवशी डॉक्टर आणि रुग्णवाहिका जागेवर हवी. स्वाराच्या सरावाच्या तासांची नोंद हवी. नायकापासून शेवटच्या मावळ्यापर्यंत प्रत्येकाचा अपघात विमा हवा. आणि घोडा, घोडेवाला, मावळे यांची नावे शेवटच्या पाटीवर वाचता येतील इतक्या वेळ दिसायला हवीत. बैलगाड्याच्या घाटात जे तालुक्याच्या ठिकाणी जमते, ते राज्याच्या महामंडळाला जमायला काहीच हरकत नाही.