पालम ते लंडन : तास कुठून मोजायचे?

मुंबईहून लंडन किती लांब, असे गिऱ्हाइकाने विचारले की आपण स्क्रीनकडे बघत सांगून मोकळे होतो: ७,२०० किलोमीटरच्या आसपास, साडेनऊ-दहा तास. उत्तर चुकीचे नाही. पण गिऱ्हाईक राहते पालमला.

त्याचा हिशेब मांडून बघा. नांदेडहून वंदे भारत पहाटे पाचला सुटते, म्हणजे लोह्यामार्गे जायला घरातून तीनलाच निघायला हवे. नांदेड ते मुंबई सुमारे ६१० किलोमीटर, आणि वेळ साडेनऊ तास. लंडनच्या उड्डाणाला लागतो जवळपास तेवढाच! मध्यरात्रीनंतर दोनचे विमान धरले, तर लंडनच्या धावपट्टीवर चाके टेकेपर्यंत ३३ तास होतात. मुलाकडे निघालेल्या आई-वडिलांची औषधे, डबा, सोबत कोण, हे सगळे या ३३ तासांवर ठरते, दहावर नाही.

अंतराला वेगाने भागून वेळ सांगण्याची सवयही सोडावी. ताशी ८८० किलोमीटर धरले तर लंडनला आठ-सव्वाआठ तास पुरायला हवेत. वेळापत्रकातला वेळ मात्र विमान फलाटावरून हलल्यापासून तिकडे फलाटाला लागेपर्यंतचा असतो. त्यात धावपट्टीकडची रांग येते, वळसे येतात आणि पश्चिमेकडून वाहणारा वरचा वाराही येतो. हाच वारा परतीच्या प्रवासात पाठीशी असतो, म्हणून येताना तास-पाऊण तास वाचतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी त्यांची उड्डाणे लांबली. शहरे तीच होती, परदेशी कंपन्यांचा वेळ मात्र तेवढा वाढला नाही.

घड्याळाचा घोळ वेगळाच. हिवाळ्यात दुपारी दोनला निघून संध्याकाळी साडेसहाला लंडन, असे तिकिटावर वाचून ‘साडेचार तासांत पोचतो की!’ म्हणणारे गिऱ्हाईक प्रत्येकाला भेटलेले असते. तिकिटाच्या प्रतीवर भारतीय वेळ हाताने लिहून द्यायला दोन मिनिटे लागतात.

नांदेडहून विमानाने जोडून देण्याचा मोह होतो, आणि तो रास्तही आहे. २७ एप्रिल २०१७ ला ‘उडान’ योजनेची पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड-हैदराबाद होते. पण नंतर इथली सेवा बंद पडली, पुन्हा सुरू झाली. तेव्हा मागच्या वर्षीच्या आठवणीवर आरक्षण करू नका. दोन तिकिटे वेगवेगळी काढलीत आणि पहिले विमान रखडले, तर दुसरी कंपनी थांबत नाही. ते पैसे गिऱ्हाइकाचे जातात आणि बोल आपल्याला लागतो. रेल्वेलाही हेच लागू आहे. परभणी-मनमाड मार्ग अजून बराचसा एकेरी असल्याने क्रॉसिंगला गाडी कधी अडेल याचा नेम नाही; संध्याकाळचे विमान देऊच नये.

आणि आता मुंबईचे तिकीट म्हणजे सहारच, असेही राहिलेले नाही. नवी मुंबईहूनही विमाने सुटू लागली आहेत. विमानतळाचे नाव मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहा. दादरला उतरायचे की ठाण्याला, हे त्यावरून ठरते.