मानेचा पट्टा काढा, मान हलवा

मान आणि खांदे महिनोन्‌महिने दुखतात म्हणून येणारे रुग्ण बहुधा तीन वस्तू सोबत आणतात : एक्स-रे, गळ्यात पट्टा आणि वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे. ‘डॉक्टर, मला स्पॉन्डिलायटिस आहे,’ हे निदानही तेच सांगतात. माझे स्पष्ट मत आहे, की यांतील बहुतेकांना या तिन्हींची गरज नसते.

चाळिशी-पन्नाशीनंतर मणक्यांची थोडी झीज अनेकांच्या एक्स-रेत दिसते. ज्यांची मान कधीच दुखली नाही, त्यांच्याही! दुखतात ते बहुधा स्नायू. आपले डोके साधारण साडेचार-पाच किलोंचे. ते पुढे झुकवून शिलाई मशीनवर, हिशेबाच्या वहीत किंवा मोबाईलमध्ये तासन्‌तास बसले, की मानेपासून खांद्यापर्यंतचे स्नायू आखडतात.

डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या तीव्र दुखण्यात चार दिवस घ्यायला हरकत नाही. परंतु दुकानातून परस्पर आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर जठरात व्रण होतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडे बिघडू शकतात. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांना हात लावू नये. पट्टा सतत वापरल्याने स्नायू दुबळे होतात. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा मिनिटे शेकावे, हलक्या हाताने तेल चोळावे. त्याने आराम पडतो. पण दाढी-कटिंगनंतर कटकन मान मोडून घेण्याची हौस सोडा. क्वचित का होईना, त्या झटक्याने मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊन पक्षाघात होऊ शकतो.

मग खरा उपाय कोणता? व्यायाम. तळहात कपाळावर ठेवून डोक्याने हाताला रेटा द्यावा, मान मात्र हलू देऊ नये. पाच अंक मोजावेत. असेच मागून आणि दोन्ही बाजूंनी, प्रत्येकी दहा वेळा. नंतर खांदे वर-खाली करावेत आणि दोन्ही पाठफळे एकमेकांकडे ओढावीत. सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे, निदान सहा आठवडे. कामात दर अर्ध्या तासाने उठावे. उशी एकच, बेताची असावी. याला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. म्हणूनच लोकांना गोळी सोपी वाटते.

मात्र हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येणे, पकड सैल होणे, चालताना तोल जाणे, ताप, वजन घटणे किंवा अपघातानंतरचे दुखणे यांत व्यायाम करत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. छातीत दडपण, दरदरून घाम आणि खांदा, हात वा जबडा दुखणे हे हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेव्हा तेल चोळण्यात वेळ दवडू नका, तडक रुग्णालय गाठा.

एरवी, वाचकहो, पुढचे पाकीट विकत घेण्यापूर्वी सहा आठवडे स्वतःच्या मानेला द्या. मूत्रपिंडे एकदा कायमची निकामी झाली, तर मानेचे दुखणे फार किरकोळ वाटू लागते.