पर्ल भाषेंतील एक टाळावी अशी लकब

आमचा एक माजी विद्यार्थी सुटींत भेटावयास आला होता. पर्ल भाषेंतील एक जुना प्रोग्रॅम त्याच्याकडे दुरुस्तीस आलेला. तो आजवर बिनतक्रार चालत असे. यानें फाइलीच्या आरंभीं 'न्यू' नांवाचें एक लहानसें फंक्शन घातलें मात्र, आणि ज्या ओळींना हातही लावला नव्हता त्याच बिघडल्या. दोन रात्री तो स्वतःलाच दोष देत बसला. दोष एका लकबीचा होता, आणि ती नव्या प्रोग्रॅमांत कोणींही आणूं नये असें माझें स्पष्ट मत आहे.

पर्लमध्यें वर्गाकडून नवी वस्तु मागण्याच्या दोन रीति आहेत. '$वर्ग->न्यू' ही बाणाची सरळ रीति. 'न्यू $वर्ग' ही उलट. सी++ किंवा जावा शिकून आलेल्यांस दुसरी ओळखीची वाटते, आणि इंग्रजी वाक्याप्रमाणें ती कानाला गोडही लागते. तिचें नांवही व्याकरणांतलेंच आहे: अप्रत्यक्ष कर्म. पर्लचे जनक लॅरी वॉल हे भाषाशास्त्राचे अभ्यासक, तेव्हां यांत नवल नाहीं.

विद्यार्थीमित्रहो, आपण 'रामाला पुस्तक दे' म्हणतों, तसेंच 'दे पुस्तक रामाला' असेंही म्हणतों. शब्द हलले तरी 'ला' हा प्रत्यय अर्थ राखतो. पर्लच्या उलट रीतींत असा प्रत्ययच नाहीं. 'न्यू' हें साधें फंक्शन कीं वर्गाला घातलेली हांक, हें पर्ल अदमासानें ठरवितें: कोणतीं फंक्शनें व कोणते वर्ग आधीं दिसले, यावरून. आमच्या विद्यार्थ्यानें फंक्शन घातलें आणि तो अदमास फिरला. बाण असता तर प्रश्नच उरला नसता.

दुसरा फांसा अधिक वाईट. वस्तूच्या एका खान्यांत ठेवलेल्या वस्तूस हलविण्याची आज्ञा उलट रीतीनें लिहिली, तर पर्ल बाहेरच्या वस्तूसच हलवितें आणि मग आलेल्या उत्तरांत तें खानें शोधतें! ('प्रिंट'पुढें फाइलीचें नांव लिहितात तेंही याच घाटाचें, त्याला मात्र मनाई नाहीं.)

पर्लची अधिकृत माहितीपुस्तिका ही रीति टाळावयास सांगते. 2020 च्या 5.32 आवृत्तींत ती बंद करण्याची सोय आली. 2022 पासून, प्रोग्रॅमाच्या माथ्यावर 5.36 आवृत्ति मागितली कीं ती आपोआप बंद होते. आवृत्ति न मागणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमांत ती अद्याप चालूच आहे. चालतें तें कशाला मोडावें, असें कोणी म्हणेल. न मोडा; परंतु जी फाइल दुरुस्तीस घ्याल तिच्या माथ्यावर आधीं "नो फीचर 'इन्डिरेक्ट';" ही ओळ लिहून ती चालवून पाहा. पर्ल जेथें अडेल तेथें बाण घाला, आणि मगच नवें फंक्शन लिहावयास बसा.