काय काम काढलंस, पोरी?



रोह्याच्या आमच्या किशोरी गटात एक मुलगी आहे. बारावी कॉमर्स झालेली, वडील धाटावच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार. २०२५ च्या मे महिन्यात एका बैठकीनंतर ती मागे रेंगाळली आणि पिशवीतून दोनशे पानी वही काढून तिने माझ्यापुढे धरली. मला वाटलं, कविता असतील. या वयाच्या मुली वही दाखवायला आणतात तेव्हा बहुधा कविताच असतात. पण आत वेळापत्रक होतं. वर लाल शाईने लिहिलं होतं, ‘सोलमधला माझा एक दिवस’.

ज्यांच्या घरात अजून हे वारं शिरलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. बीटीएस हा दक्षिण कोरियातल्या सात तरुणांचा गाणारा-नाचणारा संच. १३ जून २०१३ ला त्यांनी पदार्पण केलं. जगभरचे त्यांचे चाहते स्वतःला ‘आर्मी’ म्हणवतात, जांभळा हा त्यांचा रंग. आमच्या पेण आणि रोहा या दोन्ही गटांत मिळून निम्म्या तरी मुली आर्मीत आहेत. मला हे तीन वर्षं माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत तसा प्रश्नच नव्हता.

तर वहीत असं होतं. सकाळी आठला योंगसान भागातली कंपनीची काचेची इमारत बाहेरून बघायची (आत सोडत नाहीत, हेही नोंदवलेलं). मग भुयारी रेल्वेने हान नदी ओलांडून गंगनमच्या बाजूला. तिथे ही मुलं उमेदवारी करत होती तेव्हा जिथे जेवायची ती छोटी खानावळ, भिंती फोटोंनी भरलेल्या. तिथून चालत त्यांची राहायची जुनी जागा, जिथे पुढे कॅफे निघाला. संध्याकाळी नदीकाठ. रात्री साडेनऊला मुक्कामी परत. पूर्व किनाऱ्यावर गंगनुंग शहराजवळचा एक बसथांबा एका दिवसात बसत नाही म्हणून कंसात टाकलेला. त्या थांब्याची गंमत तिनेच मला सांगितली. २०१७ च्या एका अल्बमच्या फोटोंसाठी तो खोटाच उभा केला होता आणि काम झाल्यावर काढून टाकला. पण चाहते शोधत यायला लागले, तेव्हा तिथल्या प्रशासनाने तो पुन्हा बांधला. तिथे बस येत नाही. माणसं येतात, बाकावर बसतात, समुद्र बघतात, जातात.

मी मनात तास मोजले. साडेतेरा तास, एकटी, परक्या शहरात. मी विचारलं, “पेणला कधी एकटी गेली आहेस?” ती हसली. म्हणाली, “पेणला? कशाला?”

हा ‘कशाला’ मला त्या रात्री झोपू देईना. पेण रोह्याहून गाडीने तासाभराच्या आत. गेल्या वर्षभरात आपण एकट्या किंवा मैत्रिणींबरोबर गावाबाहेर कुठे गेलो, ते मी पुढच्या बैठकीत सगळ्यांना लिहायला सांगितलं. क्लास, जातीचा दाखला, दवाखाना, बँक, मावशीचं बाळंतपण, पालीचा गणपती. प्रत्येक जाण्याला एक काम चिकटलेलं. आईबरोबर का होईना, पण ‘सहज’ गेले, असं एकीच्याही कागदावर नव्हतं. आपल्याकडे बाईला हिंडायला देव लागतो, नाहीतर दुखणं लागतं. वारीला निघालेल्या बाईला कुणी अडवत नाही, तेवढी एक वाट आपल्या आज्या-पणज्यांनी करून ठेवली. याच मुलींचे भाऊ ४ जुलै २०२४ ला क्रिकेटच्या विश्वचषकाची मिरवणूक बघायला मरिन ड्राइव्हला गेले होते. रात्री उशिरा परतले, काहींच्या चपला गर्दीत गेलेल्या. आयांनी गरम जेवण वाढलं. काय काम होतं, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

उमरग्याची बातमी तुम्हाला आठवत असेल. २७ डिसेंबर २०२४. धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा तालुक्यातल्या तीन मुली, एक अकरा वर्षांची, दोघी तेरा. शाळेच्या गाडीतून तीन मुलींना जबरदस्तीने पळवून नेलं, असा फोन पोलिसांना गेला. तपास केला तर फोन पुण्याकडे निघालेल्या एसटीतल्या एका बाईचा निघाला. सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळच्या स्थानकावर मुलींना उतरवून घेतलं. अपहरण वगैरे काही नव्हतं. त्यांना पुण्याला जाऊन पैसे कमवायचे होते आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचं होतं. त्याच वर्षी जानेवारीत तामिळनाडूतल्या करूरच्या तीन मुलीही अशाच निघाल्या होत्या आणि काटपाडी स्टेशनवर सापडल्या.

दोन्ही बातम्यांवर लोक पोट धरून हसले. मला हसू आलं नाही. अकरा वर्षांची मुलगी पैशाशिवाय पुण्यात उतरली असती तर काय झालं असतं, हे बालकल्याण समितीपुढे उभ्या राहिलेल्या माझ्यासारखीला कुणी सांगायला नको. त्या मुली वेळेवर सापडल्या हे फार बरं झालं. पण त्यांनी रचलेली गोष्ट बघा. मुलगी घरातून नाहीशी झाली तर लोक कशावर विश्वास ठेवतील, हे त्या तिघींना अकराव्या-तेराव्या वर्षी पक्कं कळलेलं होतं. कुणी पळवून नेलं म्हटलं की सगळे धावतील. मला आवडतं म्हणून मी निघाले, हे वाक्य मात्र कुणाच्या कानात शिरणार नाही.

मग मी गटाला म्हटलं, सोल राहू दे, इथलाच एक दिवस आखा. पेण-रोह्यात तुमच्या बीटीएसच्या जागा कुठल्या? आधी खूप हसल्या. आठवड्याने यादी आणली. तारीखही त्यांनीच ठरवली, १३ जून. त्याच आठवड्यात सातांपैकी चौघं लष्करातली सक्तीची नोकरी संपवून सुटणार होते, त्यामुळे मुली आधीच हवेत होत्या.

आता माझ्या चुकीची गोष्ट. घरी परवानगीची चिठ्ठी पाठवायची होती. त्यात ‘सहलीचा उद्देश’ असा रकाना असतो. एमएसडब्ल्यू झालेल्या, दहा वर्षं मुलींच्या हक्कांवर शिबिरं घेणाऱ्या या बाईने तिथे लिहिलं, ‘किशोरींचा क्षमताविकास व स्थानिक उद्योगांचा अभ्यास’. हात जराही अडखळला नाही. उमरग्याच्या मुलींनी अपहरण रचलं, मी अभ्यास रचला.

तरीही घरोघरी जावं लागलं. त्याच सोमवारी, ९ जूनला, मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली होती. दिव्याला जाणारीच गाडी ना ती, असं एका आजीने विचारलं. १२ तारखेला अहमदाबादला विमान कोसळलं आणि रात्री दोन फोन आले, उद्याचं रद्द करा म्हणून. विमानाचा आणि रोहा-पेणचा काय संबंध, असं मी म्हणू शकले नाही. भीतीला नकाशा नसतो. पेणच्या गटातल्या एका मुलीची आई मात्र भीतीचं नाव काढत नव्हती. सेझच्या लढ्यात ती मोर्च्यांना गेलेली, २१ सप्टेंबर २००८ ला बावीस गावांत जनमत घेतलं तेव्हा रांगेत उभी राहिलेली. ती म्हणाली, “आम्ही काय कमी फिरलो? पण ते काम होतं.”

शेवटी रोह्याच्या पाच आणि पेणच्या तीन, अशा आठजणी निघाल्या. पहिली जागा रोहा स्टेशनचा फलाटाच्या टोकाचा बाक. क्लासहून येताना दोघींनी एका इअरफोनवर पहिल्यांदा ते गाणं ऐकलं ती जागा. तिथे बाकाचा फोटो काढला, बाकावर बसून काढला, नुसत्या बाकाचाही काढला. मग पेणला उतरून रंगीत झेरॉक्सचं दुकान. सातजणांची छोटी चित्रं तिथे छापून मिळतात. रोह्याच्या मुलींनी दोन वर्षं कुणाच्या तरी भावाच्या हाती पैसे धाडून ती मागवली होती, दुकान कधी पाहिलं नव्हतं. मालक गोंधळला. आठ मुली काउंटरकडे देवळात बघावं तसं बघत होत्या.

तिसरी जागा एक लग्नाचा हॉल. बंद होता. पेणच्या एकीने दोन वर्षांपूर्वी तिथे मामेबहिणीच्या हळदीला डीजेवर बीटीएसचा नाच पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंत बिनचूक केला होता. तो संपायच्या आत मामाने दंड धरून तिला खाली बसवलं. ती बंद दारासमोर पावसात उभी राहिली आणि राहिलेला शेवटचा भाग तिने तिथेच केला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी छत्री धरून उभी होते.

‘अभ्यासा’ची लाज राखायला गणपतीच्या एका कारखान्यात गेलो. पेणला जून म्हणजे ऐन घाई. शिवाय मूर्ती पीओपीच्या करायला हायकोर्टाने त्याच सोमवारी मोकळीक दिलेली (नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला नाही), त्यामुळे सगळीकडे त्याचीच चर्चा. एका मुलीने मालकांना विचारलं, सात कोरियन मुलं शाडूत करून द्याल का? ते म्हणाले, ऑर्डर द्या, फोटो आणा. पितांबरं रंगवणाऱ्या बायका हसू लागल्या. त्यातल्या एकीने मला हळूच विचारलं, “या पोरींचं खरंच काही काम नाही इथे?” मी नाही म्हटलं. तिने ब्रश खाली ठेवून मुलींकडे जरा वेळ पाहिलं.

स्थानकाबाहेर कातकरी बायका जांभळं घेऊन बसल्या होत्या. मुलींनी जिभा जांभळ्या करून फोटो काढले. त्या बायकांना एकट्या का बसलात, असं कुणी विचारत नाही. टोपली हेच त्यांचं उत्तर. आमच्या गटात यायची एक कातकरी मुलगी त्या दिवशी नव्हती. दिवाळीनंतर घर वीटभट्टीवर जातं, पावसाच्या तोंडावर परत येतं. तिने आमच्यातल्या कुणाहूनही जास्त मुलूख पाहिला आहे. पण भटकणं वाट्याला येणं आणि हिंडायला मिळणं यात किती अंतर आहे, ते मला तिच्याकडे बघून कळतं. बीटीएस तिला ठाऊक नाही. तिच्याकडे फोन नाही.

आमच्या चळवळीतल्या एक ज्येष्ठ मैत्रीण हे ऐकून म्हणाल्या, हा सगळा बाजार आहे, तुम्ही त्याला हातभार लावता. बाजार आहेच. काचेसारखी कातडी हवी म्हणून आगरी कोळ्यांच्या सावळ्या पोरी मलमांवर पैसे घालतात, याचं मला वाईट वाटतं आणि त्यावर आम्ही भांडतोही. कोरिया म्हणजे बायकांचं माहेर नाही, हेही मी गाडीत मुलींना सांगितलं होतं. २०१८ साली आयरीन नावाच्या गायिकेने चो नाम-जू यांची एका सामान्य बाईच्या आयुष्यावरची कादंबरी वाचल्याचं नुसतं सांगितलं, तर काही पुरुष चाहत्यांनी तिचे फोटो जाळले. आणि वहीतल्या त्याच गंगनममध्ये, १७ मे २०१६ ला, स्टेशनजवळच्या एका इमारतीच्या स्वच्छतागृहात एका अनोळखी पुरुषाने एका तरुणीचा खून केला. पुरुष आले-गेले त्यांना त्याने जाऊ दिलं, बाई येईपर्यंत थांबला. त्यानंतर बायकांनी स्टेशनच्या दहा नंबरच्या दरवाजावर हजारो चिठ्ठ्या चिकटवल्या.

वहीवाली मुलगी कासूपासून गप्प होती. पेण आलं तेव्हा म्हणाली, “मग तो दहा नंबरचा दरवाजापण वहीत घालते.”

परत एसटीने आलो. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं आहे. परवानगी मात्र पूर्ण लागते. शेवटची जागा कुंडलिकेचा काठ, ती यांची हान नदी. अंधार पडेपर्यंत बसायचं ठरलं होतं. अर्ध्या तासात तीन मोटारसायकली थांबल्या. “काय काम काढलंत गं इथे?” पहिल्याला मी उत्तर दिलं, तेही बाईंच्या आवाजात. दुसऱ्याला मुलींनी सांगितलं, बसलोय. तिसऱ्याकडे कुणी पाहिलंच नाही.

त्या रात्री एका वडिलांनी विचारलं, काय अभ्यास केलात? मुलीने खरं सांगितलं, “काही नाही, फिरलो.” दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले. त्यांचा राग गाडीवर, पावसावर नव्हता, मी खोटं लिहिलं यावर होता. त्यांना उत्तर द्यायला माझ्याकडे काही नव्हतं. मी माफी मागितली. दोन मुली महिनाभर बैठकीला आल्या नाहीत. मोर्चेवाली आई निरोप देऊन गेली, पुढच्या वेळी चिठ्ठीत खरं लिहा, मग पाठवायचं की नाही ते आम्ही बघू.

दिवाळीनंतर पुन्हा चिठ्ठ्या पाठवल्या. या वेळी रोह्याला जमून अलिबागचा किनारा गाठायचा होता. उद्देशाच्या रकान्यात ‘फिरणे’ एवढंच लिहिलं. आठपैकी पाच घरांतून सह्या आल्या. मोर्चेवालीची सही होती. वहीवालीच्या घरून चिठ्ठी कोरी परत आली. एसटीच्या जाण्या-येण्याच्या वेळा मात्र तिनेच कागदावर काढून बाकीच्यांना दिल्या होत्या.